सदबा गुरव चोर नव्हता

आप्पा टीव्हीवर मेले त्या संध्याकाळी ते बीडला आमच्या घरीच होते आणि त्यांच्या हातात आईने केलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशिल्याची बशी होती. गल्लीतली पंधरा-वीस माणसं नेहमीसारखी आमच्या समोरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. सन दोन हजारचा फेब्रुवारी नुकताच लागला होता.

मालिकेचं नाव 'वेशीतला दिवा'. सात वर्षं चालली होती. आधी ती दूरदर्शनवर दर गुरुवारी लागायची. पुढे गल्लोगल्ली केबलच्या वायरी आल्या, एका नव्या चॅनलने मालिका विकत घेतली आणि ती आठवड्यातून चार दिवस दिसू लागली. तिच्यात महादेवाच्या देवळाचा पुजारी होता, सदबा गुरव. डोक्याला लाल काठाचा पटका, खांद्यावर पंचा, आणि देवाशी घरच्या माणसाशी भांडावं तसं भांडणारा. तो माझ्या वडिलांनी केला होता. त्यांचं खरं नाव रेवणसिद्ध, पण एसटी स्टँडवरचे रिक्षावालेसुद्धा त्यांना सदबा म्हणूनच हाक मारायचे. लग्नाच्या पत्रिका 'सदबा गुरव, बीड' एवढ्याच पत्त्यावर यायच्या आणि बरोबर पोचायच्या.

त्या संध्याकाळच्या भागात सदबा पाठमोरा दिसला. विहिरीच्या काठावर उभा राहिला, पाय घसरला, आत पडला. गावात रडारड झाली. मग पाटलाने त्याची खोली उघडली, खाटेखालची ट्रंक ओढली, आणि तिच्यातून देवाचा चांदीचा मुखवटा निघाला. महिनाभर ज्याचा शोध चालला होता तोच. "इतकी वर्षं आपण चोराच्या हातचं तीर्थ घेतलं," असं पाटील म्हणाला आणि साबणाची जाहिरात लागली.

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"त्यो मी न्हाई," ते म्हणाले. "माझी पाठ अशी न्हाई."

आई उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

आप्पा दीड महिन्यापूर्वीच मुंबई सोडून आले होते. चॅनलच्या लोकांनी त्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की सदबा फारच सरळ माणूस आहे, सरळ माणूस लोकांना आठवड्यातून चार दिवस बघवत नाही, तेव्हा आता तो देवाचा मुखवटा चोरणार. आप्पांनी विचारलं, कावून? तिथला एक तरुण साहेब म्हणाला, कुणालाच अपेक्षा नाही म्हणून. आप्पांनी नाही म्हटलं. साहेबाने करार काढून पुढे ठेवला. आप्पांनी तो वाचला आणि परत सरकवला.

"ह्याच्यात मला कवाबी मारायचा हक्क तुमाला हाय. मारा मंग. चोर मी हुनार न्हाई."

तिथून ते खोलीवर आले, ट्रंक भरली आणि बीडची गाडी धरली. त्यांना वाटलं होतं, मारतील आणि विषय संपेल. दुसऱ्याच कुणाला पाठमोरं उभं करून मेल्यावर चोर ठरवतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

ह्या हट्टामागे एक बाई होती. लिंबागणेशहून आत चार किलोमीटरवर बेलदरा नावाचं गाव आहे. ते आप्पांचं आजोळ. तिथल्या महादेवाची पूजा सुभद्राबाई गुरवीण करायची. नवरा वारला तेव्हा तिला मूल नव्हतं, भाऊबंद गाव सोडून गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला पाणी कोण घालणार असा प्रश्न गावाला पडायच्या आत तिने घागर भरून नेली. तेव्हापासून तीच करत होती. सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली, मग सवय झाली. आजोळच्या गावची सून म्हणून आप्पा तिला मामी म्हणत.

लहानपणी सुट्टीत आप्पा दिवसभर त्या देवळाच्या ओट्यावर असायचे. तीर्थ देण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "जेवलास का?" नाही म्हटलं तर आधी भाकरी, मग तीर्थ. एखादी बाई नवस फळला नाही म्हणून रडत आली की पिंडीकडे हात करून म्हणायची, "देव हाय की हितं, जातोय कुटं? बस जरा." हेच वाक्य पुढे टीव्हीवरून अख्ख्या महाराष्ट्राने उचललं. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने आप्पांना सिनेमातल्या खेडवळ माणसासारखं बोलायला सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, माझा पुजारी बीडकडला हाय, त्यो तसाच बोलनार. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी सदबा सुभद्रामामीच्या बोलीत बोलला. डोक्याचा पटकासुद्धा तिच्या नवऱ्याचा होता, तिनेच ट्रंकेतून काढून दिलेला.

बेलदऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सदबा म्हणजे आपली सुभद्राबाई, हे तिथलं लेकरूसुद्धा सांगायचं. त्यामुळे जे झालं ते आधी तिला भोगावं लागलं.

चौथ्या दिवशी बेलदऱ्याचा सोमनाथ बीडला आला. तो मेंढरं राखायचा, बाजाराला आला की आमच्या भांड्यांच्या दुकानावर पाणी प्यायला थांबायचा. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ महांतेशकाका गल्ल्यापाशी बसले होते. मी कॉलेजातून येऊन तिथेच डबा खात होते. सोमनाथ पाणी न पिताच बोलू लागला.

"मामीकडचा मुखवटा नेला, आप्पा. त्रिंबकरावानं."

त्रिंबकराव गावातला मोठा बागायतदार. देवळाचा ट्रस्ट करायचा, बाहेरून पुजारी नेमायचा, असं त्याचं दोन वर्षांपासून चाललं होतं. गाव त्याला दाद देत नव्हतं. मालिकेचा तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो आठ-दहा माणसं घेऊन देवळात गेला. टीव्हीत बी पुजाऱ्यानंच नेला, आपन डोळे झाकून कावून बसावं, असं म्हणाला. चांदीचा मुखवटा सुभद्राबाईच्या ताब्यातून काढून स्वतःच्या घरी सांभाळायला नेला. मग गाभाऱ्याची किल्ली मागितली.

"दिली का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई. तवापसून उंबऱ्यात बसलीया. उठंनाच."

"आन गाव?"

सोमनाथने खाली बघितलं. "गाव गप हाय."

आप्पा आणि मी त्याच दुपारच्या एसटीने निघालो. सुभद्राआजी खरोखरच गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, हाडाने लहान. किल्ली कमरेला खोचलेली. आप्पांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. त्यांची पाठ हलताना मी पहिल्यांदा बघितली.

"माझ्यामुळं झालं, मामी."

"ऊठ. तू काय केलंस?"

"तुमाला टीव्हीत नेलं."

"नेलंस ते बरंच केलंस. मला बरी दिसायची मी." तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "ज्यानं चोर केलं त्यो येगळा, मुखवटा नेला त्यो येगळा. तू त्यांच्यात कावून बसतूस?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जेवलीस का गं ईश्वरी?"

तिने तिथेच बसून, कमरेची किल्ली न सोडता, शेजारणीकडून भाकरी मागवली. आम्ही जेवत असताना आप्पा एकदम म्हणाले, "मामी, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी यात्रा हाय न्हवं? मी हितं येतो. सदबा हून येतो. जे मला तिथं बोलू दिलं न्हाई ते हितं बोलतो. समद्या गावासमोर."

"ये की. तुला कुनाचा हुकूम लागतूय?"

आप्पांनी चार दिवस बसून ते लिहिलं. तासाभराचा प्रवेश होता. गाव ज्याला चोर म्हणतंय तो पुजारी गावासमोर उभा राहून उत्तर देतो, एवढंच. मी पाठांतर घ्यायला बसायचे. सोमनाथने आणि मी पुठ्ठ्यांवर रंगाने पाट्या केल्या, 'सदबा गुरव मेला नाही. स्वतः येऊन उत्तर देणार. यात्रेत, दुपारी चार, बेलदरा', आणि बीड स्टँडपासून लिंबागणेशपर्यंत लावल्या. बीडच्या एका पेपरने ती बातमी आप्पांच्या फोटोसह छापली.

आठ दिवसांत चॅनलच्या वकिलाची नोटीस रजिस्टरने आली. इंग्रजीत होती. डिक्शनरी घेऊन मी ती घरच्यांना वाचून दाखवली. सदबा गुरव हे पात्र, त्याचं नाव, त्याचा वेश, त्याच्या लकबी आणि त्याची वाक्यं ही सगळी कंपनीची मालमत्ता आहे. रेवणसिद्ध यांनी कुठल्याही जाहीर ठिकाणी ती वापरल्यास त्यांच्यावर खटला भरण्यात येईल. वाक्यांची यादी जोडली होती. तिच्यात दुसऱ्या नंबरावर 'जेवलास का' होतं.

महांतेशकाका घाबरले. "दादा, कोर्टकचेरी आपलं काम न्हाई. साध्या शर्टावर जा, दुसरं नाव सांगा, तेच बोला. कोन इचारतंय?"

आप्पांनी नोटिशीची घडी घातली. मला वाटलं, ते कबूल होतील. माझी आई मल्लम्मा आतून बोलली. ती नाटकवाल्यांवर कायम नाराज असायची. सात वर्षं घर तिने एकटीने ओढलं होतं आणि मुंबईचं नाव काढलं की ती विषय बदलायची.

"जेवलास का इचारायला बी कंपनीला इचारायचं का आता?" ती बाहेर आली. तिच्या हातात तो लाल काठाचा पटका होता, धुऊन घडी घातलेला. "घालून जावा. नाव बी तेच सांगा. मी संगं येते."

महाशिवरात्रीच्या दिवशी बेलदऱ्यात वेगळंच झालं. त्या दिवशी पिंडीवर मुखवटा चढवायची रीत. त्रिंबकराव बाहेरगावचा पुजारी घेऊन, मुखवटा ताटात ठेवून, वाजतगाजत देवळात आला. सुभद्राआजी दारात उभी राहिली.

"मुखवटा माझ्या हातात द्या, मी चढवते."

"तुज्या हातात न्हाई आता, बाई."

"मंग घरी घिऊन जावा. पिंडीला तोंड लागत न्हाई."

तिने आत जाऊन कडी लावली आणि मुखवट्याशिवाय पूजा केली. घंटा बाहेरपर्यंत ऐकू येत होती. त्रिंबकराव ताट घेऊन काही वेळ उभा राहिला आणि परत गेला. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्यावर कळलं. तोपर्यंत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ही गोष्ट पोचली होती, त्यामुळे यात्रेला कधी नव्हे इतकी माणसं आली होती. झाडांवर पोरं, देवळाच्या भिंतीवर बाया. पार चकलांब्याहून लोक ट्रॅक्टर करून आले होते. त्रिंबकरावसाठी पहिल्या रांगेत खुर्ची होती. यात्रेचा मान त्याचा, न येऊन चालण्यासारखं नव्हतं.

पावणेचारला एक जीप आली. तिच्यातून चॅनलचा माणूस उतरला, औरंगाबादहून आलेला, हातात फाइल. सभ्य होता. देवळामागे आप्पा पटका बांधत होते तिथे तो आला. आई, मी आणि सुभद्राआजी जवळच होतो.

"रेवणसिद्धजी, मला तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "पण हे तुम्हाला करता येणार नाही. हे पात्र आमच्या मालकीचं आहे."

"कुनाच्या?" सुभद्राआजीने विचारलं.

"कंपनीच्या, आजी."

"म्हंजी मी बी कंपनीची का?"

त्याला समजलं नाही. आप्पा काही सांगणार तेवढ्यात आजीने त्यांना हाताने थांबवलं.

"ह्यो बोलतो ते माझं बोलनं हाय. ह्याच्या डोक्याला पटका हाय त्यो माझ्या मालकाचा. मला मालक येकच व्हता, बाबा. त्यो चौऱ्याहत्तर साली गेला. त्याच्यामागं मी कुनाला मालक केला न्हाई. तुज्या कंपनीला सांग, नोटीस द्यायची तर मला दे. सुभद्राबाई गुरवीण, मुक्काम पोस्ट बेलदरा. घरीच असते मी."

त्याने हातातली फाइल मिटली. "आजी, मी फक्त नोकर आहे."

"दिसतंय की. जेवलास का?"

तो नाही म्हणाला. औरंगाबादहून सकाळी निघाला होता. आईने त्याला आमच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. त्याने जीपमध्ये बसून ती खाल्ली आणि खेळ संपेपर्यंत तो खाली उतरला नाही.

चार वाजता आप्पा ओट्यावर आले. टाळ्या इतक्या वाजल्या की त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली. मी पाठांतर घेतलं होतं, मला शब्दन् शब्द ठाऊक होता, तरी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. सदबा गावाला विचारत होता. गंगूच्या पोराला ताप होता तेव्हा सात दिवस उशाशी कोण बसलं? दुष्काळात देवळातला हौद कुणी उघडला? तेव्हा मी चोर होतो का? मग ते थांबले. लिहिलेल्यात पुढे असं होतं की सदबा हात जोडतो आणि म्हणतो, माझी झडती घ्या. आप्पांनी हात जोडले नाहीत.

"मुखवटा शोधायला माझी ट्रंक उगडली तुमी," ते म्हणाले. "बरं केलं. आता मी इचारतो. ह्या घडीला मुखवटा कुटं हाय?"

हे कागदावर नव्हतं.

आप्पा तसेच उभे. त्यांनी त्रिंबकरावाकडे बघितलंसुद्धा नाही, ते सगळ्यांकडे बघत होते. मग भिंतीवर बसलेल्या बायांमधून दगडाबाई म्हणून एक म्हातारी उभी राहिली. देवळाच्या शेजारीच तिचं घर.

"त्रिंबकरावाच्या घरी हाय," ती म्हणाली. "कपाटात. मी बघितलाय."

"मी सांभाळायला नेलाय," त्रिंबकराव खुर्चीतून म्हणाला.

"आमी सांगितलं व्हतं का?" कुणीतरी मागून विचारलं. मग दुसऱ्याने. मग सोमनाथ उठला. चार माणसांत कधी न बोलणारा सोमनाथ. "त्रिंबकराव, मामीनं सव्वीस वर्सं सांभाळला त्यो. येक दिस तरी हरवला का? मी त्या दिशी गप बसलो. चुकलं माझं. आज न्हाई बसत."

त्रिंबकरावाने खुर्ची मागे सारली आणि तो चालत निघून गेला. गर्दीने त्याला वाट दिली, पण कुणी त्याच्याबरोबर गेलं नाही. आप्पांनी उरलेला खेळ केला.

दोन दिवसांनी मुखवटा कापडात गुंडाळून पोलीस पाटलाबरोबर परत आला. सुभद्राआजीने तो चिंचेने घासला आणि जागेवर ठेवला. सगळंच काही मनासारखं झालं असं नाही. पुढच्या वर्षी ट्रस्ट झालाच. त्रिंबकराव त्याचा अध्यक्ष झाला आणि मुखवट्याच्या पेटीला दुसरं कुलूप लागलं. पण पूजेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आजी आणखी सहा वर्षं रोज घागर नेत राहिली, शेवटची दोन वर्षं सोमनाथच्या बायकोच्या आधाराने.

आप्पांनी तो प्रवेश त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या चाळीसेक गावांत केला. पटका घालून, सदबा हे नाव सांगून. चॅनलची दुसरी नोटीस आली. आमच्या वकिलांनी उत्तर पाठवलं आणि आजीच्या सांगण्यावरून खाली तिचा पत्ता दिला. त्यानंतर काही आलं नाही. आप्पांना मात्र पुन्हा टीव्हीवर कुणी घेतलं नाही. ते महांतेशकाकांबरोबर दुकानात बसू लागले. हे त्यांना सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी ते आरशासमोर उभे राहून जुने संवाद पुटपुटायचे आणि मी खोलीत गेले की थांबायचे.

फक्त एकदा मुंबईहून फोन आला, दिवाळीच्या आधी, दुकानात गर्दी असताना. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. मालिका बघणारे कमी झाले होते. सदबाला जुळा भाऊ होता असं त्यांना दाखवायचं होतं, अगदी सदबासारखाच, सज्जन.

"आन सदबाचं काय?" आप्पांनी विचारलं.

"ते झालं ना आता. लोक विसरले."

"हिकडं कुनी इसरलं न्हाई. आदी दाखवा की त्यानं चोरी केली न्हाई. मंग बोलू."

ते शक्य नाही, पलीकडचा म्हणाला. गोष्ट फार पुढे गेलीय. सुभद्राआजी तेव्हा दुकानातच होती, देवळासाठी नवी घागर घ्यायला आलेली. तिने हातातली घागर बोटाने वाजवून बघितली आणि आप्पांना खूण केली, ही नको, पातळ आहे.

"थांबा," आप्पा फोनवर म्हणाले, "गिऱ्हाईक हाय." त्यांनी फोन ठेवला आणि वरच्या फळीवरची जाड घागर काढायला स्टुलावर चढले.